पडदा ओढलेलाच होता

माझं उज्जैनला फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून जवळच, चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं ही माझी रोजीरोटी. आणि मला स्वतःला सहा वर्षं मोबाइलवर अश्लील चित्रफिती बघण्याचं व्यसन होतं. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ लिहून टाकली आहेत, म्हणजे आता माघार घेता येणार नाही.

दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास तरी येतो. माझ्या व्यसनाला ना वास ना आवाज. फोन कायम मुका ठेवायची मी सवयच लावून घेतली होती. सकाळी साडेसहाला बायको शाळेत शिकवायला जायची, मुलगी इंदूरला होस्टेलमध्ये, दुकान अकराला उघडायचं. मधल्या वेळात घरात मी आणि माझी सत्याहत्तर वर्षांची आई. तेच माझे बिघडण्याचे तास. सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. महाकाळाच्या दारात उभं राहून शपथ घेतली, ती दुसऱ्या दिवशी मोडली. श्रावणातले सोमवार केले. साधा बटणांचा फोन घेतला, आणि तीन आठवड्यांनी 'दुकानाच्या कामाला लागतो' म्हणून पुन्हा मोठा घेतला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग देवावरच चिडायला लागलो. इतक्या वेळा हात जोडले, एकदाही ऐकलं नाहीस, म्हणजे तू नसशीलच. पूजा चालूच होती, पण ती फक्त हातांनी. मन केव्हाच उठून गेलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी स्वतः दुकानात तिला बसवून तपासलं होतं. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा मी पुढे ढकललं. कारण सांगितलं तिच्या शुगरचं. खरं कारण असं, की तिला अंधुक दिसत होतं ते माझ्या सोयीचं होतं. तिच्यासमोर बसून मी फोनमध्ये डोकं घातलं तरी तिला वाटायचं, पोरगा किती काम करतो. शेजारच्या वहिनींना ती कौतुकाने सांगायचीसुद्धा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरी असा होता.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर देवीचं छोटं मंदिर आहे. इथल्या मराठी घरांनी मिळून बांधलेलं. आई वर्षानुवर्षं रोज सकाळी तिथे चालत जायची. गुडघे गेले तसं तिचं जाणं बंद पडलं. तेव्हा तिथल्या गुरुजींनी तिच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी एक सोय केली. रोज सकाळी आठला गाभाऱ्यासमोर स्टँडवर फोन लावून ते पूजा दाखवायला लागले. मी आईला माझ्या फोनवर ती लावून द्यायचो आणि आंघोळीला जायचो. आई पाटावर बसल्यासारखी ताठ बसून बघायची. देवीच्या स्नानाची वेळ झाली की गुरुजी गाभाऱ्याचा पडदा ओढतात. देवी आईच असली तरी बाईमाणूस, तिचं स्नान आणि वस्त्र बदलणं कुणी बघू नये, अशी तिथली रीत आहे. पडद्याआडून नुसते मंत्र ऐकू येतात, पाण्याचा आवाज येतो. तेवढा वेळ आई इथे आपल्या पलंगावरसुद्धा डोळे मिटून घ्यायची.

चैत्रातल्या नवरात्राचा तिसरा दिवस होता. त्या सकाळी मी माझ्या उद्योगात असताना आईने हाक मारली, "अरे, आठ वाजून गेले नं." मी घाईघाईत ते पान तसंच मागे ठेवून पूजा लावली, फोन तिच्या हातात दिला आणि न्हाणीघरात गेलो. दोन तांबे अंगावर घेतले असतील नसतील, आईची किंकाळीच ऐकू आली. मला वाटलं पडली. पंचा गुंडाळून तसाच ओला धावत आलो.

आई पलंगावर बसलेली होती. डोळे घट्ट मिटलेले. फोन मांडीवर होता आणि त्याच्यावर तिने आपला पदर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

"गुरुजींना फोन लाव," ती म्हणाली. "पडदा राहिला रे ओढायचा! देवीचं स्नान चाललंय, अंगावर एक चिंधी नाही, आणि सगळं जग बघतंय. मी बघितलं रे. बघायला नको होतं. मी पदर टाकलाय तिच्यावर. तू डोळे मीट आधी."

मी तिच्या हातांखालून, पदराखालून फोन ओढून घेतला. तिचा अंगठा कुठेतरी लागला असणार आणि मागचं पान पुढे आलं असणार. एक बाई होती. वरून पाणी पडत होतं. आईच्या अंधुक डोळ्यांना गोरी आकृती, पाणी आणि उघडं अंग एवढंच कळलं, आणि तिला वाटलं ही आपली संगमरवरी देवी. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात तसं झालं. सहा वर्षांत मी काय काय बघितलं, पण त्या बाईकडे बघून कुणाला पदर टाकावासा वाटेल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

मी पान बंद केलं. आणि सरळ खोटं बोललो. "हो गं, राहिला वाटतं पडदा. फोन लागत नाहीये गुरुजींचा."

आई म्हणाली, "चूक त्यांची असेल, पण डोळे तर माझे होते. त्यांना विचार प्रायश्चित्त काय. ते सांगतील ते होईपर्यंत मी अन्न घेणार नाही."

डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलेलं होतं की उपाशी राहायचं नाही. नवरात्राचे उपास त्यांनीच बंद केले होते. मी समजावलं. दुपारी बायको आली, तिने समजावलं, मग चिडून मला म्हणाली, "फोन लागत नाही तर जाऊन या नं! मंदिर काय इंदूरला आहे?" मी म्हटलं, उद्या जातो. चोराच्या मनात चांदणं. मला वाटत होतं, गुरुजींसमोर उभा राहिलो की माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसेल. म्हणजे माझी आई माझ्या पापासाठी उपाशी होती आणि मी माझं तोंड जपत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आईला दरदरून घाम फुटला. उपाशीपोटी शुगरची गोळी मात्र तिने सवयीने घेतली होती. हात कापत होते, बोलणं जड झालं होतं. साखरेचं पाणी तोंडाशी नेलं तर तिने दात आवळून धरले. मी वहिनींना हाक मारली, आम्ही दोघांनी बळजबरीने तिच्या हिरड्यांना मध चोळला, पुन्हा पुन्हा चोळला. थोड्या वेळाने तिची नजर ठिकाणावर आली. पहिलं वाक्य काय बोलली तर, "गुरुजी काय म्हणाले?"

वहिनींना तिच्याजवळ बसवून मी स्कूटर काढली. वाटेत सगळा डाव आखला. गुरुजींना म्हणायचं, म्हातारीला भास झालाय, तुम्ही तिची समजूत घाला, काहीतरी सोपं प्रायश्चित्त सांगा. मंदिरात पोहोचलो तेव्हा गुरुजी मागच्या अंगणात देवीची वस्त्रं धूत होते. पस्तिशीचा, किडकिडीत माणूस. बायको आणि लहान मुलीबरोबर मंदिरामागच्या दोन खोल्यांत राहतो. मी पाठ केलेलं सगळं बोललो. परवापर्यंत ज्याला मी धड नमस्कारही करत नव्हतो त्याच्यासमोर आता हात जोडून उभा होतो.

गुरुजींनी ओलं वस्त्र तसंच हातात धरलं. म्हणाले, "पडदा तर मी ओढला होता, दादा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टाच्या खिशातल्या फोनकडे बघितलं. ती नजर तिथे क्षणभरच थांबली. आता हा विचारणार, मग तुमच्या आईंनी नेमकं काय बघितलं? मी अंगणाचा कठडा धरून उभा होतो.

त्यांनी विचारलं, "काकूंनी किती वेळ झाला काही खाल्लं नाही?"

"कालपासून."

"चला," ते म्हणाले, आणि हात पुसून माझ्या मागे स्कूटरवर बसले.

घरी येऊन ते आईच्या पलंगाशी खाली जमिनीवर बसले आणि हात जोडले. "काकू, चूक झाली. माझ्याच्यानं झाली. नवमीपर्यंत मी एक वेळ जेवीन. तुम्ही देवीसारख्याच, तुम्ही उपाशी राहिलात तर मला पाप. आता तोंड उघडा बघू." वहिनींनी वरणभात कालवून आणला आणि गुरुजींनी आपल्या हाताने आईला पहिला घास भरवला. आईने खाल्ला. मी दाराशी उभा राहून ते बघत होतो आणि मला काही कळेनासं झालं होतं. एक निर्दोष माणूस माझ्या घरात, माझ्या आईसमोर, माझा गुन्हा आपल्या नावावर घेत होता, आणि त्याबद्दल माझ्याकडून त्याला काही नको होतं.

त्यांना सोडायला निघालो तेव्हा जिन्यात मला रडू फुटलं. जिन्यातच बसून मी सगळं सांगितलं, सहा वर्षांचं. ते ऐकत राहिले. मी विचारलं, "तुम्ही का केलंत असं?"

"काकूंच्या पोटात अन्न जाणं जरूरी होतं," ते म्हणाले. मग, "आणि खरं सांगू तर दादा, पडद्याच्या आत रोज मीच असतो न. सुरुवातीला माझ्या मनात काय काय यायचं ते मलाच माहिती. माझ्या काकांनी शिकवलं मला. म्हणाले, हात लावायच्या आधी तिला सांगायचं. आई, पाणी गार आहे हं. आई, आता लुगडं सोडतो. सांगितल्याशिवाय बोट लावायचं नाही. समोर कोणीतरी आहे, हे तोंडाने बोललं की मन ठिकाणावर राहतं. तुम्ही उद्या आठला या. चंदन उगाळायला माणूस पाहिजेच आहे."

आठची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली की तीच पूजेची वेळ म्हणून, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन बायकोच्या कपाटात टाकून गेलो. आईला वहिनींच्या फोनवर पूजा लावून दिली. धूतवस्त्र नेसून पडद्याच्या आत एका कडेला बसलो. गुरुजी खरोखरच बोलत होते, हलक्या आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं. "आई, आज पाणी जरा जास्तच गार आहे. आई, हात वर घेतो." वस्त्र बदलताना त्यांची नजर बाजूला असायची आणि हात अंदाजाने काम करायचे. मला धक्का बसला तो माझाच. दगडाच्या मूर्तीला विचारल्याशिवाय हा माणूस हात लावत नव्हता, आणि मी जिवंत बायकांना सहा वर्षं बोटाने वर सरकवत आलो होतो.

तीन दिवस मी गेलो. सुटलो असं मुळीच नाही. घरी आल्यावर बायकोच्या कपाटासमोर दोनदा जाऊन उभा राहिलो होतो. पण निदान ते तास तरी निघत होते. आणि अष्टमीला सकाळी मंदिरात पोहोचलो तर गुरुजींची बायको खोलीतलं सामान खोक्यात भरताना दिसली. डोळे सुजलेले. मी विचारलं तर तिने तोंड फिरवलं. गुरुजी म्हणाले, "काही नाही दादा, तुम्ही चंदन घ्या."

परत आल्यावर दारातच वहिनींकडून कळलं. माझी आई काही गप्प बसणारी नव्हती. चैत्रातलं हळदीकुंकू चालू होतं, बायका घरी येत होत्या, आणि आईने भोळेपणाने प्रत्येकीला सांगितलं होतं की गुरुजींनी पडदा न ओढता देवीचं स्नान दाखवलं, पण बिचाऱ्याने चूक कबूल केली. चार घरं फिरून ती गोष्ट मंदिराच्या अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांनी गुरुजींना बोलावून विचारलं. ते म्हणाले, "चूक माझी." त्यांनीच कबूल केल्यावर देवळात बसून ओढलेला पडदा बघितलेल्यांना कोण विचारतं? अध्यक्षांनी सांगितलं, नवमीची पूजा करा आणि खोल्या रिकाम्या करा.

मी घरात गेलो. आई जपमाळ घेऊन बसली होती. मी तिच्या पायांशी बसलो आणि म्हटलं, "आई, पडदा ओढलेलाच होता." मग सगळं सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत सांगावं लागलं, त्यामुळे मला आडोसा घ्यायला एकही मोठा शब्द मिळाला नाही. लोक बायकांची तशी चित्रं काढतात, ती फोनवर येतात, मी ती बघतो, रोज बघतो, ती बाई तसल्याच चित्रातली होती. आईचा हात माळेवर थांबला. मला वाटलं आता थोबाडीत मारेल, मारावी असंही वाटलं. तिने माळ बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "मग ती कोण होती?"

"माहीत नाही."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही, आई."

"इतकी बघितलीस आणि नाव माहीत नाही?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मी तसाच उठून अध्यक्षांच्या घरी गेलो. ते चहा पीत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, की गुरुजींचा दोष नाही, फोन माझा होता, त्यातलं चित्र माझं होतं, आईला मोतीबिंदू आहे, आणि तो मी मुद्दाम राहू दिला होता. त्यांच्या मिसेस आतल्या दारात येऊन थांबल्या होत्या; त्यांच्या चष्म्याचा नंबर मीच काढून दिलेला. अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो." संध्याकाळी गुरुजींच्या घरची खोकी उघडली गेली. बायकोला मी त्याच रात्री सांगितलं. तिच्याबद्दल इथे एवढंच लिहितो, की ती आठ दिवस इंदूरला मुलीच्या होस्टेलजवळ खोली घेऊन राहिली आणि नंतर परत आली. परत आली, हे मी तिचे उपकार म्हणून लिहितोय.

नवमीला सकाळी आई म्हणाली, "रिक्षा आण. मला मंदिरात जायचंय." दोन वर्षांनी ती घराबाहेर पडत होती. हातात पिशवी होती. मंदिरात मी आणि गुरुजींनी धरून तिला गाभाऱ्यासमोर बसवलं. तिने पिशवीतून नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आपल्या ट्रंकेतलं कोरं लुगडं काढलं. मला वाटलं, माझ्यासाठी देवीची क्षमा मागायची असेल.

गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "काकू, ओटी कुणाच्या नावानं? संकल्प सांगायचा आहे. नाव, गोत्र?"

आई म्हणाली, "त्या दिवशी मी बघितली नं, तिच्या नावानं. नाव माहीत नाही."

गुरुजींचा हात जागच्या जागी थांबला. आजूबाजूला बसलेल्या बायकांना काही कळलं नाही. मला कळलं.

"बरं," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात, काकू. काश्यप म्हणू?"

"काश्यप कशाला?" आई म्हणाली. "परकी आहे का ती? आमचं लावा. भारद्वाज."

गुरुजींनी तसाच संकल्प सांगितला. माझ्या आईचं गोत्र, माझं गोत्र, त्या बाईला लावून. आमच्यात एका गोत्राची ती बहीण. मी त्या फरशीवर आडवा झालो आणि बराच वेळ मला उठता आलं नाही. सहा वर्षं मी देवाकडे सुटका मागत होतो, अटी घालून मागत होतो. देवीने माझी एकही अट ऐकली नाही. तिने मला एक बहीण दिली, आणि त्यानंतर तसं पान उघडायला माझा हात पूर्वीसारखा उठेना.

याला चमत्कार म्हणावं की म्हाताऱ्या बाईची नजरचूक, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्या नवमीनंतर मी तीनदा घसरलो. तिन्ही वेळा त्याच दिवशी बायकोला सांगितलं. इंदूरला एका डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातो, त्यांचाही फार उपयोग होतो. आईची दोन्ही ऑपरेशनं मी पुढच्याच महिन्यात करून घेतली. आपण हिंमत करून सुटतो असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आपण फक्त लपवणं थांबवायचं असतं, धरणारे हात आधीपासून तिथे असतात. माझ्यासाठी ते गुरुजींचे होते, आईचे होते, आणि ज्या बाईला मी कधी माणूस म्हणून बघितलं नव्हतं तिचेही असतील. ती कुठे आहे मला माहीत नाही. रोज सकाळी चंदन उगाळून झालं की गुरुजी माझ्या घरच्यांची नावं विचारतात. मी आईचं सांगतो, बायकोचं सांगतो, मुलीचं सांगतो, आणि मग म्हणतो, अजून एक आहे, नाव माहीत नाही, गोत्र भारद्वाज.